खडकेवाडीचा भंडारा

१

आण्णाप्पा कारकुनाची बोटं पिवळी झाली होती. चिकोडीच्या कचेरीमागच्या रांजणातून तो तांब्यातांब्याने पाणी घेऊन ती चोळत होता, पण रंग काही जात नव्हता.

"हळद हाय मास्तर," तो म्हणाला. "तुमच्या खडकेवाडीची मतं मोजायला मीच हुतो. एका पेटीतले कागद म्हणजे नुसते हळदीत घोळल्यागत. लग्नाची पत्रिका मोजतोय का मतं, तेच कळंना."

उपेंद्ररावांना हसू आलं नाही. निपाणीच्या शाळेचे हे निवृत्त हेडमास्तर सकाळपासून कचेरीच्या पायरीवर बसून होते, आणि डबीतली तपकीर दुपारीच संपली होती.

"आकडा सांग."

आण्णाप्पाने मान खाली घातली. "वकिलास्नी तेवीस. शेठला एकशे पस्तीस."

उपेंद्ररावांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तेच उत्तर पुन्हा ऐकलं. सदतीस सालच्या असेंब्लीच्या निवडणुकीत त्यांचा माणूस, बेळगावचे शरच्चंद्र वकील, सगळी गावं मिळून सत्याऐंशी मतांनी पडला होता. खडकेवाडी उलटली नसती तर तो आरामात निवडून आला असता, हे हिशेब न जाणणाऱ्यालाही कळलं असतं. आणि सगळी गावं उलटली तरी खडकेवाडी उलटणार नाही, असं उपेंद्रराव महिनाभर ज्याला त्याला सांगत फिरले होते.

मतदानाची रीत तशी साधी. ज्यांना वाचता येत नाही त्यांची सोय व्हावी म्हणून प्रत्येक उमेदवाराची रंगीत पेटी. मतदाराने कोरा कागद घ्यायचा, पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. शरच्चंद्र वकिलांची पेटी हिरवी, तंबाखूच्या वखारवाल्या रामलिंगशेठची तांबडी. मतदानाला चार दिवस उरले असताना रंग जाहीर झाले. हिरव्या जाहिरातींचे गठ्ठे उपेंद्ररावांच्याच घराच्या सोप्यातून गावोगाव गेले. खडकेवाडीचा गठ्ठा परशराम स्वतः सायकलवर घालून घेऊन गेला.

परशराम हा त्यांचा लाडका विद्यार्थी. खडकेवाडीतला पहिला मॅट्रिक. चार वर्षं त्यांच्याच सोप्यात राहून शिकलेला. वकिलांचं नाव सुचवलं होतं ते उपेंद्ररावांनीच. निपाणीत तंबाखू पिकवणाऱ्यांची सभा भरली तेव्हा दोनचार नावं पुढे आली होती. उपेंद्ररावांनी उठून सांगितलं, की मुंबईत जाऊन इंग्रजीत भांडायचं आहे, तिथे वकीलच हवा. सभेने मान डोलावली. पहिली टाळी वाजवली ती परशरामने.

"पोराला काय वाटेल आता," असं पुटपुटत उपेंद्रराव उठले. आपल्याला काय वाटतंय ते त्यांना बोलवत नव्हतं. एका अख्ख्या गावाने केसाने गळा कापला होता.

२

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते बोरगावावरून खडकेवाडीला निघाले. बोरगावात भिंतीभिंतीवर हिरवे कागद चिकटवलेले होते. ओढा ओलांडून खडकेवाडीत शिरल्यावर भिंती शेणाने सारवलेल्या आणि स्वच्छ. एकही जाहिरात नाही.

वेशीवर परशराम उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने वाकून पाया पडून छत्री हातातून घेतली.

"मास्तर, तोंड दाखवायला जागा न्हाई आम्हास्नी."

"जाहिराती कुठेच लावल्या नाहीस?"

"मुद्दामच न्हाई लावल्या. शेठला कळलं असतं की गाव वकिलाचं हाय, तर यंदाचा तंबाखू कुणाच्या दारात टाकायचा? चार दिवस दोघांच्याबी माणसास्नी गावबंदी केलती. सगळं गुपचूप. मत वकिलालाच, म्हणून भंडारा उचलला मास्तर गावानं. बिरदेवाचा भंडारा. आन् तरीबी."

या मुलखात कागदावरचा अंगठा खोटा ठरेल, पण बिरदेवापुढची हळद मुठीत घेऊन दिलेला शब्द खोटा ठरत नाही. भंडारा उचलून खोटं वागलं तर घराला घर राहत नाही, ही समजूत इथे आईच्या दुधाबरोबर येते. निकाल काल रात्रीच गावात पोचला होता, आणि आता प्रत्येकजण शेजाऱ्याच्या हाताकडे संशयाने बघत होता. सख्ख्या भावांनीही आज एकमेकांच्या शेतावर तंबाखू खुडायला जायचं टाळलं होतं.

"कुणी केलं असेल?"

"त्येला इचारायचं काय! मळ्यातला मष्णू. भंडारा उचलला न्हाई तो त्यानं आन् त्याच्या भावकीनं. बावीस माणसं. त्यानंच घराघरात फूट पाडली. सोताच्या तोंडानं कबूल केलंय चावडीवर."

"काय कबूल केलं?"

परशराम थबकला. "ते माझ्या तोंडून नको मास्तर. कुठली पेटी, काय, ते बोलायचं न्हाई असंबी भंडाऱ्यावर ठरलंय. रविवारी देवळात पंच बसणार हाईत. मष्णूचं घर वाळीत टाकायचं."

मष्णूच्या मुलीचं, जयाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बोरगावच्या व्याह्यांनी निरोप धाडला होता, की पंचांचा निवाडा होईपर्यंत मांडवाला हात लावू नका. वाळीत टाकलेल्या घरची पोरगी कोण करणार?

"निवाडा तुमीच द्या मास्तर," परशराम म्हणाला. "तुमचा शब्द पंच मोडणार न्हाईत."

उपेंद्ररावांनी मान हलवली खरी. पण निवाडा द्यायचा तर आधी ऐकून घ्यायला हवं, ही त्यांची वर्गातली जुनी खोड होती.

३

पुजारी यल्लाप्पा देवळाच्या पायरीवर बसून घोंगडीची कुसळं काढत होता. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लोक म्हणत्यात भंडाऱ्यातला देव गेला. तीन पिढ्या आमी हीच सेवा केली मास्तर. मतदानाच्या सकाळी एकएक माणूस आत घेतला. नागोजी पाटलानं दारात नाव पुकारलं. मी मुठीत भंडारा दिला. परशरामनं कानात सांगितलं कुठं टाकायचं ते. मग हात न धुता थेट शाळेत मताला जायचं."

"न धुता?"

"धुतला तर शपथ धुतली. काम झाल्याबिगार हात धुवायचा न्हाई. एकशे छत्तीस माणसं गेली इथनं, शेवटी परशराम. त्येलाबी मीच दिला."

"आणि बोलायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

"परशरामनंच सुचवलं. शेठच्या भ्यानं. बरुबरच हाय की."

"परशरामने कानात काय सांगितलं?"

यल्लाप्पाने कानांना हात लावले. "बायकोनं इचारलं तिलाबी सांगितलं न्हाई."

नागोजी पाटलाने त्याहून कमी सांगितलं. तो दाराबाहेर उभा होता, आतलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याच्या पाळीलाच तो आत गेला होता. त्याला फक्त एवढं ठाऊक होतं, की मष्णू पहिल्यापासून वाकडा.

गुणाबाई ही विधवा बाई. चार एकर रान तिच्या नावावर, म्हणून तिला मत होतं. ती अंगणात तंबाखूची पानं उलटत होती. उपेंद्ररावांनी विचारल्यावर ती उठून उभी राहिली आणि उजवा तळहात त्यांच्यापुढे धरला.

"जे सांगितलं तेच केलं मी मास्तर. खोटं असंल तर ह्यो हात झडून जाईल. कुणी फशिवलं देवाला, मला ठावं न्हाई. पर मी न्हाई."

शाळा चालवून चालवून उपेंद्ररावांना खोटं बोलणाऱ्याचा चेहरा पाठ झाला होता. गुणाबाई खोटं बोलत नव्हती. यल्लाप्पाही नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी वीसएक माणसांना विचारलं आणि त्यांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. मग एकशे पस्तीस मतं शेठला दिली कुणी?

शेवटी ते ओढ्यापलीकडे मष्णूच्या मळ्यात गेले. मष्णू चौदा सालच्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेला शिपाई. दारात अर्धवट रोवलेल्या मांडवाच्या मेढी उभ्या होत्या. जयाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आत गेली.

"भंडारा का उचलला नाहीस?"

"पलटणीत एकदा शपथ घेतली मास्तर. निम्मे सोबती तिकडंच राहिले. दुसऱ्याच्या हातनं शपथ घ्यायची न्हाई, असं तवाच ठरवलं. माझा शब्द हाय तो हाय."

"मत कुणाला दिलंस?"

"वकिलाला. मी आन् माझ्या भावकीनं. चावडीवर उभा राहून सांगितलं, आमी बावीस जणांनी हिरव्या पेटीत टाकलं, शेजारच्या बोरगावात भिंतीवर लिवलंय तसं. तर गाव दगडं घिऊन धावलं. 'कबूल केलं, कबूल केलं' म्हणत." त्याने जमिनीकडे बघितलं. "खरं सांगितलं म्हणून मारायला उठलेलं गाव मी काय आज पहिल्यांदा बघितलं मास्तर. पर पोरीचा काय गुन्हा?"

उपेंद्रराव हातातला तांब्या तसाच धरून बसून राहिले. हिरवी पेटी तर आपलीच होती. मग हिरवं म्हटल्यावर गाव मष्णूवर का धावलं?

४

शनिवारी सकाळी ते पुन्हा चिकोडीत हजर झाले. आण्णाप्पाची बोटं एव्हाना फिकट झाली होती.

"परवा तू म्हणालास, एका पेटीतले कागद हळदीचे होते. कुठली पेटी?"

"तांबडी की. शेठची." आण्णाप्पाला प्रश्नाचं नवल वाटलं. "एकशे पस्तीसच्या एकशे पस्तीस पिवळे. बोटांचे ठसे उमटलेले."

"आणि हिरव्या पेटीतले?"

"ते सोच्छ हुते. बावीस कागद कसे कोरे करकरीत. तेविसावा तेवढा पिवळा हुता. त्यावर मी हसलोबी. म्हटलं, ह्यो एकटाच वऱ्हाडातनं चुकून हिकडं आला."

उपेंद्रराव बाकावर बसले. डबी उघडली, चिमूट घेतली आणि ती नाकाला लावायची राहून गेली.

हात न धुता गेलेली माणसं एकशे छत्तीस. त्यांतल्या एकशे पस्तीस जणांचा कागद तांबड्या पेटीत. एवढी माणसं एकाच सकाळी भंडारा मोडतील हे शक्य नाही. मोडला नव्हताच कुणी. प्रत्येकाने जे सांगितलं तेच केलं होतं. शपथ पाळली म्हणूनच मत चुकलं, आणि बोलायचं नाही ही शपथही पाळली म्हणून चुकलं ते कळलंही नाही.

आणि तो एकटा पिवळा कागद? तो कुणाचा, हे कळायला फार डोकं चालवावं लागत नव्हतं. उपेंद्ररावांना मात्र ते कळून घ्यायचं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीवान काहीबाही विचारत होता आणि ते भलतीच उत्तरं देत होते.

५

रविवारी दुपारी बिरदेवाच्या देवळापुढे सगळं गाव जमलं. पंच ओट्यावर, बायका पिंपळाखाली. मष्णू एकटा समोर उभा होता आणि त्याच्या भोवतीची जागा मोकळी होती. उपेंद्ररावांच्या शेजारी परशराम बसला होता.

"निवाड्याआधी एक विचारतो," उपेंद्रराव उठून म्हणाले. "तुम्ही मत कुठल्या पेटीत टाकलं, ते मी विचारत नाही. तो तुमचा भंडारा तुमच्यापाशी राहू द्या. मी एवढंच विचारतो, की शरच्चंद्र वकिलांची पेटी कोणत्या रंगाची होती? हे बोलायचं नाही अशी शपथ कुणी घेतलेली नाही."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी नागोजी पाटील म्हणाला, "तांबडी. त्यात काय इचारायचं?"

"गुणाबाई?"

"तांबडीच की."

"यल्लाप्पा?"

"तांबडी."

उपेंद्ररावांनी कोटाच्या खिशातून बोरगावच्या भिंतीवरून काढून आणलेली जाहिरात उलगडली आणि मष्णूच्या हातात दिली. पलटणीत शिकलेल्या अक्षरांवर बोट ठेवत मष्णूने ती वाचली. वकिलांची पेटी हिरवी. शेठची पेटी तांबडी.

गुणाबाईने आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला आणि बघत राहिली. "म्हंजे ह्या हातानं," ती म्हणाली. पिंपळाखालून रडण्याचा आवाज येऊ लागला. ज्या शेठच्या वखारीत त्यांची तंबाखू दरसाल मापात मारली जात होती, त्यालाच त्यांनी देवाची शपथ घेऊन निवडून दिलं होतं.

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. परशराम उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चुकलो," तो म्हणाला. "रंगात चुकलो मी. गडबडीत उलटं ध्यानात राहिलं. माफी करा मला."

गाव भोळं असतं. दोनचार जणांनी सुस्कारा सोडला. चूक कुणाकडूनही होते, असं नागोजी पाटील म्हणूनही गेला. उपेंद्ररावांनाही क्षणभर वाटलं, की इथेच थांबावं. मष्णू सुटला, जयाचं लग्न लागेल, आणखी काय हवं? पण मष्णू अजून एकटाच उभा होता, आणि त्याच्याभोवतीची जागा अजून मोकळीच होती. चूक म्हणून मिटलं असतं तर फूट कुणी पाडली हा संशय त्याच्याच दारात राहिला असता.

"हिरव्या पेटीत एक कागद हळदीचा निघाला," ते म्हणाले. "बाकीचे बावीस मष्णूच्या भावकीचे, कोरे. या एकाने भंडारा उचलला, आणि तरी हिरव्यात टाकला. तो शपथ मोडणारा तरी असेल, नाहीतर खरा रंग ठाऊक असणारा तरी. परशराम, तुझी चूक झाली असेल तर तुझाही कागद तांबड्यातच असणार. भंडारा उचल आणि तेवढं सांग. मग मी तुझी माफी मागेन."

यल्लाप्पाने भंडाऱ्याची परात पुढे केली. परशरामने हात उचलला. तो परातीच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्याने तो मागे घेतला आणि धोतराला पुसला, जरी त्याला काही लागलेलं नव्हतं.

६

पंचांनी परशरामचं घर वाळीत टाकायचं ठरवलं तेव्हा मष्णू पहिल्यांदा बोलला. "टाकू नगा कुणाला वाळीत. त्येच्याबी घरात म्हातारी हाय. तीन दिवस काय असतं ते माझ्या घरानं बघितलंय." एवढं बोलून तो मांडवाच्या राहिलेल्या मेढी रोवायला निघून गेला. गुणाबाई त्याच्या मागोमाग गेली, आणि तिच्यामागून आणखी दहाबारा माणसं.

निकालाचं काही होणार नव्हतं. मतदारांनी स्वतःच्या हातांनी पेटीत टाकलेली मतं कुठला कायदा बाहेर काढणार? शेठ पाच वर्षं मुंबईला जाऊन बसणार होता.

देऊळ रिकामं झाल्यावर ओट्यावर दोघेच उरले.

"शेठने काय दिलं तुला?" उपेंद्ररावांनी विचारलं.

"काय न्हाई. शेठला मी भेटलोबी न्हाई."

"मग?"

परशरामने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत लाज होती, पण नुसती लाज नव्हती.

"चार वरसं सायकल मारली मास्तर मी. गावोगाव जाऊन माणसं जोडली. तुमच्या सोप्यात तुमीच म्हणालता, परशा, निवडणूक लागली की तुला उभा करायचा. मी आईला सांगितलं. गावाला सांगितलं. मग त्या सभेत तुमी उठलासा आन् वकिलाचं नाव घेतलासा. माझ्याकडं बघितलासाबी न्हाई."

उपेंद्ररावांना आठवेना. आपण असं म्हणालो होतो? कधीतरी रात्रीच्या जेवणानंतर, पोराचा उत्साह बघून म्हणालोही असू. शिक्षक दिवसभरात किती पोरांना काय काय म्हणतो.

"पहिली टाळी तूच वाजवलीस."

"मग काय करायचं हुतं? शंभर माणसं माझ्या तोंडाकडं बघत हुती. रडायचं हुतं?"

"आणि गावाने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"गावानंबी मान डोलवली. वाटलं, वकील पडला की पुढच्या खेपेला मलाच इचारतील. मष्णूचं म्हणाल तर, तसं काय मी ठरवलं नव्हतं. तो हिरवं म्हणाला आन् लोक आपसूक धावलं. मी फकस्त गप बसलो."

"एवढं सगळं करून आपलं मत तेवढं वकिलाला दिलंस."

"मी भंडारा उचललेला मास्तर. उचलल्यावर पाळायला लागतंय." तो उठला. त्यांची छत्री कोपऱ्यातून आणून त्याने त्यांच्यापुढे ठेवली, पण नेहमीसारखा वाकला नाही. "तुमचं बरं असतंय. तुमी नुसतं बोलता."

तो देवळामागच्या पायवाटेने निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना उपेंद्ररावांना त्याचा राग यायला हवा होता आणि तो येतही होता. पण त्या रागात कुठेतरी आपलीच सही आहे, हे त्यांना आता पुसता येत नव्हतं. ज्याने आपल्याला फसवलं, त्याला आधी आपणच फसवून विसरून गेलो होतो.

यल्लाप्पा बाहेर आला. पाहुणा गाव सोडून निघाला, की कपाळाला भंडारा लावून वाटेला लावायचं, ही इथली रीत. त्याने परातीतून चिमूट उचलली.

"लावू मास्तर?"

उपेंद्ररावांनी त्याचा हात मध्येच धरला.

"आज नको," ते म्हणाले, आणि छत्री उचलून ओढ्याच्या वाटेने चालू लागले.